कसरतीचे विमान विकत घेण्यापूर्वी

दहावी-बारावीचा निकाल लागला, की घरोघरी जुने वायदे वर येतात. इतके टक्के पडले तर सायकल, तितके पडले तर मोबाइल. अलीकडे या यादीत एक नवी वस्तू आली आहे: रिमोटवर उडणारे विमान. तेही सरळ उडणारे नको, कोलांट्या मारणारे हवे असते. शाळेत मुले आम्हाला मोबाइलवर त्याची चित्रफीत दाखवतात. विमान उलटे होऊन जमिनीपासून हातभर उंचीवरून जाते, मग नाक आकाशाकडे करून शेपटीवर उभे राहते आणि तसेच हवेत लटकत राहते. "सर, अब्बा हो म्हणालेत. मामू दुबईहून आणतो म्हणतात. कुठलं सांगू?"

या प्रश्नाचे उत्तर मधल्या सुट्टीत देण्याइतके छोटे नाही. चुकीचे विमान निवडल्यावर काय होते ते मात्र दोन ओळींत सांगता येते. पहिल्याच दिवशी, बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटात, ते जमिनीत घुसते. अब्बांचे पैसे जातात हे तर आहेच, पण 'हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे' असे मुलाच्या मनात बसते, ते नुकसान मोठे. ज्याला विमानाचे वेड आहे त्याच्यातून उद्या एखादा इंजिनिअर, पायलट, निदान हाताने उत्तम काम करणारा मेकॅनिक घडू शकतो. मुलींचेही तेच. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग असते आणि तिथे मुलीही असतात.

घरातली वडीलधारी माणसे याला इस्राफ म्हणतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. एका दिवसात मोडून माळ्यावर जाणारी महाग वस्तू हा उधळेपणाच आहे, मग ती विमान असो की लग्नातला मंडप. पण तीन-चार वर्षे चालणारी, दर वेळी मोडल्यावर हाताने दुरुस्त होणारी, गणित आणि विज्ञान हातात आणून देणारी वस्तू आम्ही त्या खात्यात टाकणार नाही. सूरह मुल्कमध्ये पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष वेधले आहे. त्या पंखांवर हवा कशी काम करते हे मुलाला स्वतः करून पाहता आले, तर पैसा वाया गेला असे कोण म्हणेल? म्हणून प्रश्न घ्यावे की घेऊ नये इतकाच नाही. कोणते घ्यावे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

'तयार' म्हणजे किती तयार?

दुकानदार सगळ्यांनाच 'रेडीमेड' म्हणतो, पण खोक्यांत फरक असतो. आरटीएफ लिहिलेल्या खोक्यात विमान, रिमोट, बॅटरी, चार्जर सगळे असते. पीएनपीमध्ये विमानाला मोटर आणि सर्व्हो (पंखांच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवलेले असतात, पण रिमोट, त्याचा रिसीव्हर आणि बॅटरी आपली आपण आणायची असते. बीएनएफमध्ये रिसीव्हरही बसवलेला मिळतो, फक्त तो त्याच भाषेत बोलणाऱ्या रिमोटशी जुळतो. आणि एआरएफ म्हणजे नुसता तयार सांगाडा: पंख, धड, शेपूट बनवून वर फिल्म चढवलेली. मोटर, सर्व्हो, स्पीड कंट्रोलर सगळे वेगळे घ्यायचे, बिजागऱ्या चिकटवायच्या, दांड्या जोडायच्या. हे काम नवख्याला एका संध्याकाळचे वाटते. प्रत्यक्षात तीन-चार रविवार जातात. चांगल्या कसरतीच्या विमानांपैकी बरीचशी याच शेवटच्या प्रकारात येतात, हे लक्षात ठेवावे.

त्यामुळे विमानाची किंमत ऐकून घरचे अंदाजपत्रक बांधू नये. रिमोट, रिसीव्हर, निदान तीन बॅटऱ्या, चांगला बॅलन्स चार्जर, जादा प्रोपेलर, गोंद, टेप हे सगळे मिळून जवळपास विमानाइतकाच खर्च होतो. यातली दिलाशाची बाब अशी की रिमोट आणि चार्जर पुढच्या विमानालाही चालतात. म्हणून हात आखडायचा असेल तर विमानावर आखडावा, या दोन गोष्टींवर नाही. रिमोट निदान सहा चॅनलचा, एकापेक्षा जास्त विमानांची माहिती साठवणारा आणि 'ड्युअल रेट' व 'एक्स्पो' या सोयी असलेला हवा. एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी सहसा जुळत नाही. जवळपास कुणी उडवणारा असेल तर त्याच्याकडे जी जात आहे तीच घ्यावी, म्हणजे अडले-नडले तर त्याची मदत होते.

हे विमान माफ का करत नाही

शिकाऊ विमान आणि कसरतीचे विमान शेजारी ठेवून पाहिले तर फरक डोळ्यांना दिसतो. शिकाऊ विमानाचा पंख धडाच्या वर असतो, त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असतात आणि पंखाचा खालचा भाग सपाट असतो. हवेत ते एका बाजूला कलले आणि मुलाने घाबरून काड्या सोडून दिल्या, तर ते बऱ्याचदा आपले आपण सरळ होते. काटकोनात बसवलेल्या पत्र्याच्या होडीसारखा तो प्रकार आहे, डुगडुगते पण पुन्हा मूळ जागी येते.

कसरतीच्या विमानात ही सगळी मदत मुद्दाम काढून टाकलेली असते. पंख धडाच्या मध्यावर, अगदी सरळ. पंखाचा छेद वरून-खालून सारखाच. कारण त्याला उलटे उडायचे असते, आणि उलटे झाल्यावर ज्याला सरळ होण्याची ओढ लागते ते विमान कसरत करू शकत नाही. ते जिथे ठेवाल तिथे राहते. तिरपे ठेवले तर तिरपे, नाक खाली ठेवले तर नाक खाली, जमिनीपर्यंत. त्यात एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर या झडपा खूप मोठ्या असतात. थ्रीडी प्रकारात तर त्या ४५ अंशांपर्यंत वळतात, म्हणजे बोटाची जराशी हालचाल झाली की विमान गर्रकन फिरते.

शिवाय दोन गोष्टी मेंदूला उलट्या शिकाव्या लागतात. विमान आपल्याकडे येत असेल तेव्हा त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला असतो. आणि विमान उलटे उडत असेल तेव्हा वर नेण्यासाठी काडी पुढे ढकलावी लागते, एरवी जी खाली नेते. हे समजायला एक मिनिट लागते. बोटांत उतरायला काही आठवडे.

त्यामुळे आमचे म्हणणे स्पष्ट आहे: कसरतीचे विमान पहिले विमान म्हणून घेऊ नये. आधी महिनाभर संगणकावर सिम्युलेटर चालवावा. बहुतेक रिमोट केबल किंवा डोंगलने संगणकाला जोडता येतात, आणि फुकट मिळणारे सिम्युलेटरही आहेत. तिथे शंभर विमाने पाडली तरी खिशाला तोशीस नाही. मग उंच पंखाचे, फोमचे शिकाऊ विमान. त्यावर दोन्ही दिशांनी आठाचा आकडा काढता आला, आणि मोटर बंद करून ठरवलेल्या पट्ट्यात दहापैकी नऊ वेळा उतरवता आले, की मग दुसरे विमान. दहावीच्या निकालावर शिकाऊ आणि अकरावीच्या निकालावर कसरतीचे, असा वायदा केला तर अब्बांचीही सोय होते.

उतरण्यावर आम्ही एवढा जोर देतो त्याला जुना दाखला आहे. नवव्या शतकात अंदलूसमध्ये, कुर्तुबा शहरात, अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. सतराव्या शतकातले इतिहासकार अल-मक्करी यांनी नोंदवलेल्या हकिकतीनुसार त्यांनी अंगाला पिसे आणि पंख लावून उडी घेतली, बऱ्याच अंतरापर्यंत ते तरंगत गेले, पण उतरताना त्यांच्या पाठीला मार बसला. कारणही त्या हकिकतीतच आहे. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात आणि त्यांनी शेपूट लावले नव्हते. चंद्रावरच्या एका विवराला आज त्यांचे नाव आहे. मुलांना आम्ही हा किस्सा अभिमानासाठी सांगतोच, पण एलिव्हेटर कशासाठी असतो हे समजावतानाही त्याचाच उपयोग होतो. उडणे जमले होते, उतरणे राहिले होते.

आता निवड

कोलांटी तशी जुनी. ९ सप्टेंबर १९१३ रोजी कीव्ह येथे रशियन वैमानिक प्योत्र नेस्तेरोव्ह यांनी विमानाने पहिली पूर्ण उभी कोलांटी मारली. पुढे या कामासाठी खास विमाने बनू लागली. जर्मनीच्या वॉल्टर एक्स्ट्रा यांचे 'एक्स्ट्रा ३००', अमेरिकेचे 'एज ५४०', रशियाचे 'सुखोई २६' आणि 'सुखोई २९'. आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला तयार झालेली लढाऊ सुखोई-३० विमाने याच घराण्यातली. दुकानात मिळणारी कसरतीची छोटी विमाने बहुतेक या चार-पाच विमानांच्याच नकला असतात. नावावर जाऊ नये. खोक्यावर एक्स्ट्रा लिहिलेले एक विमान शांत असते आणि दुसरे खट्याळ.

ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली साधी 'स्पोर्ट' जात, खालच्या पंखाची, कोलांटी, गिरकी, उलटे उडणे सगळे करणारी, पण झडपा आटोपशीर असलेली. दुसरी स्पर्धेची, जिला पॅटर्न म्हणतात. लांब धड, संथ आणि रेखीव उडणारी. तिच्या आंतरराष्ट्रीय एफ३ए स्पर्धेत विमान लांबीला व पंखाला २ मीटरपर्यंत आणि वजनाला ५ किलोपर्यंत असते. ती आपल्या कामाची नाही. तिसरी थ्रीडी, म्हणजे मुलांच्या मोबाइलमधली, शेपटीवर उभी राहणारी. दुसरे विमान म्हणून आम्ही पहिली जातच सुचवू, आणि थ्रीडीचा हट्टच असेल तर तिच्यातला एक वेगळा प्रकार: ईपीपी फोमच्या सपाट पत्र्यातून कापलेले, पंख ८०-८५ सेंटिमीटर, वजन जेमतेम पाव किलो. ते दिसायला खेळण्यातले वाटते, म्हणून मुले नाक मुरडतात. पण ते इतके हलके असते की सावकाश उडते, पडले तर चेंडूसारखे उसळते, आणि शाळेच्या मैदानाएवढ्या जागेत भागते. वारा मात्र त्याला सोसत नाही.

फोमचे की बाल्साचे, हा वाद उडवणाऱ्यांत कायम चालतो. बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. त्याचे विमान हवेत सुंदर वागते, वजनाला हलके असते, दिसते तर खऱ्यासारखे. पण एकदा नाकावर पडले की त्याच्या काड्या होतात. आपल्या हवेत आणखी एक त्रास आहे. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, उन्हाळ्यात सोडते, आणि वरची फिल्म सुरकुततै. मग इस्त्री घेऊन बसावे लागते. फोमचे तसे नाही. ईपीओ फोम तुटला तर फेव्हिक्विकने जोडता येतो. साध्या थर्मोकोलला मात्र फेव्हिक्विक लावू नये, तो थर्मोकोल खाऊन टाकतो. फोमची दुखरी बाजू ऊन. मे महिन्यात बंद गाडीत विमान ठेवले की पंख पिळवटतात, आणि पिळलेल्या पंखाचे विमान सरळ उडत नाही. तरीही पहिल्या दोन विमानांपर्यंत फोमच.

आकार १ ते १.२ मीटर पंखाचा ठीक. त्याहून छोटे असेल तर ते वाऱ्यावर नाचते आणि शंभर पावलांवर कुठल्या कुशीवर आहे ते दिसत नाही. मोठे असेल तर रिक्षात मावत नाही. ही गंमत नाही. ज्या घरात गाडी नाही त्या घराने पंख सुटा होणारेच विमान घ्यावे.

आता थोडे गणित, जे दुकानात उभ्या उभ्या करता येते. पंखाची लांबी गुणिले सरासरी रुंदी. समजा १०० सेंटिमीटर गुणिले २० सेंटिमीटर, म्हणजे २,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजेच २० चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ७०० ग्रॅम. ७०० भागिले २० म्हणजे ३५. दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम. याला पंखावरचा भार म्हणतात, आणि या आकाराच्या विमानाला ३५-४० चांगला. तेच विमान जड बॅटरी आणि सजावट करून ११०० ग्रॅमवर गेले तर भार ५५ होतो. हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ते विमान साधारण सव्वापट वेगाने उतरवावे लागेल. नवख्या हाताला सव्वापट म्हणजे खूप. नववीच्या मुलाला वर्गमूळ कशाला शिकायचे असा प्रश्न पडला असेल तर हे उदाहरण द्यावे.

ताकदीचेही तसेच. बॅटरी ११.१ व्होल्टची आणि मोटर २० अँपिअर ओढत असेल तर २२२ वॅट. विमान ७०० ग्रॅमचे, म्हणजे किलोमागे सुमारे ३१७ वॅट. कोलांट्या-गिरक्यांसाठी किलोमागे २०० ते २५०, सरळ वर चढण्यासाठी ३००च्या पुढे आणि हवेत लटकण्यासाठी ४००च्या आसपास लागतात, असा ठोकताळा आहे. दुकानदार हे आकडे सांगू शकला नाही तर दुसरे दुकान बघावे.

स्वतः तोल सांभाळणाऱ्या जायरोची हल्ली फार जाहिरात असते. ती सोय चांगली आहे, विशेषतः वाऱ्यात. पण विमान नीट तोलून घेतले नसेल तर जायरो ते झाकू शकत नाही, आणि जायरो उलटा जोडला गेला तर तोच विमान पाडतो. तपासणी सोपी आहे: जायरो चालू असताना विमानाचा उजवा पंख झटकन खाली केला तर उजव्या पंखाची झडप खाली वळली पाहिजे. वर वळली तर उडवायचे नाही.

तोलाची जागा, ज्याला सीजी म्हणतात, माहितीपत्रकात पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मिलिमीटर ते दिलेले असते. तिथे दोन बोटांवर विमान उचलून पाहावे. नाक किंचित जड असले तर विमान आळशी उडते. शेपूट जड असले तर ते कुणाचेच ऐकत नाही. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे साधते, म्हणून बॅटरीचा कप्पा ऐसपैस आहे का, हे विकत घेतानाच पाहावे.

घरात आल्यावर

इथे आम्ही अम्मींशी बोलतो आहोत, कारण घर त्या चालवतात. विमानाची लिपो बॅटरी मोबाइलच्या बॅटरीसारखी नाही. तिला कडक कवच नसते. ती फुटली, टोचली किंवा जास्त चार्ज झाली तर पेट घेते, आणि ती आग सहजासहजी विझत नाही. म्हणून चार्जिंग गादीवर, सोफ्यावर, लाकडी कपाटावर नको. लादीवर किंवा कडप्प्यावर, पडद्यांपासून दूर, आणि घरात जागे माणूस असताना. रात्री लावून झोपायचे नाही. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणून ठेवू नये. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, आणि आठवडाभर उडवायचे नसेल तर ३.८च्या आसपास ठेवतात. चांगल्या चार्जरवर त्यासाठी वेगळे बटण असते.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: २२०० एमएएचच्या बॅटरीवर कसरतीचे विमान साधारण सात मिनिटे उडते, आणि चार्जिंगला तास लागतो. तीन बॅटऱ्या का घ्यायच्या ते यावरून कळेल.

प्रोपेलरबद्दल लोक गाफील असतात. १० इंचांचा प्रोपेलर मिनिटाला ८,००० वेळा फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास जातो. बोट मध्ये आले तर ते वाचत नाही. घरात मोटर किंवा रिमोट तपासताना प्रोपेलर काढूनच तपासावे. धाकटी भावंडे असलेल्या घरात या नियमाला सूट नाही. मैदानावर आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट. आणि रिमोट बंद पडला तर मोटर आपोआप थांबते का, हे पहिल्या दिवशीच, अर्थात प्रोपेलर काढून, पाहावे.

उडवायचे कुठे?

खरे तर हा प्रश्न दुकानात जाण्याआधीचा आहे. कोकणात सडे आहेत, मराठवाड्यात पीक निघाल्यावरची शेते आहेत. काळ्या जमिनीच्या भेगांत छोटी चाके अडकून विमान नाकावर पडते, तिथे मोठी चाके किंवा हाताने फेकून उडवता येणारे विमान बरे. सड्यावर दुपारी समुद्राचा वारा सुटतो, म्हणून फज्रनंतरचे दोन तास सगळ्यात चांगले. मुले त्या निमित्ताने लवकर उठतात, ही बाब आम्ही पालकांना हळूच सांगतो. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा प्रोपेलरला गुंडाळतो. घारीही कधी कधी अंगावर येतात.

शहरात गोष्ट अवघड. २०२१च्या ड्रोन नियमांत रिमोटवरची विमानेही येतात. २५० ग्रॅमपर्यंतचे 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचे 'मायक्रो'. या दोन वर्गांत हौसेखातर उडवणाऱ्याला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. आपण वर सुचवलेली विमाने २ किलोच्या आतच राहतात. विमान कायम नजरेच्या टप्प्यात हवे, आणि हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांच्या वर जायचे नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांची आहे, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवताच येत नाही. क्षेत्रांचा नकाशा आणि नोंदणीचे नियम सरकारच्या डिजिटल स्कायवर आहेत. ते वेळोवेळी बदलतात, म्हणून विमान घेण्याच्या आठवड्यातच पाहावेत. मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे ड्रोन आणि रिमोटवरच्या विमानांवर बंदी घालणारे आदेश वरचेवर निघतात, तेही तपासावेत.

यात आम्ही आपल्या घरांसाठी एक गोष्ट उघडपणे लिहितो. आपला मुलगा एकटा, अनोळखी जागी, आकाशात काहीतरी उडवतो आहे, हे दृश्य बघणाऱ्याच्या मनात काय आणील ते सांगता येत नाही, आणि नसता संशय एका सोळा वर्षांच्या पोराने का झेलावा? सोबत मोठे माणूस असावे. जमिनीच्या मालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवावे, जमले तर पहिल्या दिवशी बोलावून दाखवावे. बहुतेक वेळा तेच मुलांपेक्षा जास्त खूश होतात. कॅमेरा लावलेले विमान घेऊ नये. कसरतीला त्याचा उपयोग नसतो, आणि कुणाच्या अंगणात, कुणाच्या गच्चीवर डोकावल्याचा बोल यायला नको.

आखातातून आणण्याचे काय? फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे. सुट्या भागांना मुभा आहे. रिमोटचे तयार विमान कस्टममध्ये कुठल्या रकान्यात टाकले जाईल हे तिथल्या अधिकाऱ्यावर सोडून मामूंना तासभर उभे करण्यापेक्षा विमान इथल्या दुकानातून घ्यावे, आणि मामूंकडून चांगला चार्जर, सर्व्हो, प्रोपेलर मागवावेत. बॅटरी आणायची झाली तर ती हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपन्या सहसा वेगळी परवानगी मागत नाहीत. वर सांगितलेली २२०० एमएएचची, ११.१ व्होल्टची बॅटरी २४.४ वॅट-तासांचीच असते. तरी तिकीट काढताना विचारून घ्यावे.

पैसे मोजण्याआधी दुकानात आणखी एवढे विचारावे: या विमानाचा सुटा पंख मिळतो का? सुटी शेपूट, मोटरचा दांडा, चाकांची तार मिळते का? आज दुकानात आहे का, की 'मागवून देतो'? ज्या विमानाचे सुटे भाग मिळत नाहीत ते कितीही देखणे असो, खोक्यातच राहू द्यावे. सर्व्होचे दाते धातूचे आहेत का पाहावे. खोके उघडायला लावून पंख डोळ्यांच्या रेषेत धरून पिळलेला नाही ना, बघावे. पावतीवर मोटर आणि स्पीड कंट्रोलरच्या बदलीबद्दल लिहून घ्यावे. आणि जादा प्रोपेलर एक नको, चार मागावेत. पहिल्या महिन्यात लागतातच.